नागपूरकरांना चित्र कळत नाही म्हणे!

नागपुरात चित्रप्रदर्शनांबद्दल कुणाशीही बोलायला लागा, तिसऱ्या वाक्याला एक तक्रार ठरलेली असते : ‘आपल्याकडे लोक येत नाहीत हो.’ चित्रकार हे म्हणतो, दालन चालवणारे म्हणतात, कलाशिक्षक म्हणतात आणि उद्घाटनाला आलेले पाहुणे तर भाषणातच म्हणतात. या तक्रारीच्या पोटात एक आरोप आहे. या शहराला सावजी कळतं, तर्री-पोहा कळतो, राजकारण कळतं, जामठ्यावरचं क्रिकेट कळतं. चित्र तेवढं कळत नाही. हा आरोप इतक्या वेळा झालाय की, आता तो हवामानाच्या अंदाजासारखा वाटतो. मे महिन्यात ऊन असणार, प्रदर्शनात माणसं नसणार. त्यात कुणाचा काय दोष?

मला हे मान्य नाही. मी चित्रकार नाही, समीक्षकही नाही. इंजिनीअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. म्हणजे ज्या ‘लोकां’च्या नावाने हे रडगाणं चाललेलं असतं, त्यांच्यातलाच एक. माझं म्हणणं असं की, नागपूरची कलादालनं लोकांना प्रदर्शनाला बोलावतच नाहीत. ती उद्घाटनाला बोलावतात. या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे.

तीन दिवसांचा संसार

शहरात जागा नाहीत, असं कुणी म्हणू शकणार नाही. सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. तिथेच चिटणवीस सेंटर आहे. लोकमत भवनात जवाहरलाल दर्डा यांच्या नावाचं कलादालन आहे. राज्यात मोजकीच शासकीय कला महाविद्यालयं आहेत, त्यांतलं एक नागपुरात आहे. तेव्हा पुढे जे लिहितोय, ते कुठल्या एका दालनाचं वर्णन नव्हे. शहरभर रुजलेल्या प्रघाताचं आहे.

प्रदर्शन साधारण तीन दिवसांचं असतं, फार तर पाच. पहिल्या संध्याकाळी उद्घाटन. पाहुणे तासभर उशिरा येतात. दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं. एक मान्यवर ‘मला चित्रातलं फारसं कळत नाही, पण...’ अशी सुरुवात करतात आणि त्या ‘पण’नंतर वीस मिनिटं बोलतात. मग सगळे मिळून भिंतीच्या कडेने एक फेरी मारतात, फोटो निघतात, चहा-समोसा होतो आणि दालन रिकामं होतं. दुसऱ्या दिवशी चित्रकार टेबलामागे एकटा बसलेला असतो. समोर अभिप्रायवही. वहीत ‘खूप छान’, ‘अप्रतिम’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चित्रं बबल रॅपमध्ये गुंडाळून टेम्पोत चढतात. वर्तमानपत्रात बातमी येते, तिच्यात पाहुण्यांची नावं असतात, हुद्दे असतात, आभार कुणी मानले तेही असतं. चित्रं कशाची होती, हे तेवढं नसतं.

आता वेळेचं बघा. दालन अकराला उघडतं आणि सात-साडेसातला बंद होतं. मिहानमध्ये नोकरी करणारा माणूस सातला सुटला, तर वर्धा रोडवरून सिव्हिल लाइन्सला पोचेपर्यंत दिवे विझलेले असतात. दुकान चालवणाऱ्याचं, बँकेत असणाऱ्याचं, कॉलेजात शिकवून पुन्हा क्लास घेणाऱ्याचं तेच. राहिला रविवार. तीन दिवसांच्या प्रदर्शनात तो असला तर असला. एखादं चित्र चांगलं आहे, हे एका माणसाने दुसऱ्याला सांगायला आणि दुसऱ्याने सवड काढायला आठवडा तरी जातो. तोवर तिथे पुढच्या प्रदर्शनाचं बॅनर लागलेलं असतं. २०१२मध्ये सुरू झालेलं कोची-मुझिरिस बिनाले तीन महिन्यांहून जास्त चालतं. पहिले दिवस फक्त जाणकारांचे असले, तरी पुढे रिक्षावाले, शाळेची पोरं, सुट्टीला गावी आलेली कुटुंबं तिथे फिरताना दिसतात. केरळच्या माणसाला जन्मतः चित्र कळतं, असं काही नाही. त्याला कळायला वेळ मिळतो.

दालन की हॉल?

मूळ दुखणं मात्र वेळापत्रकाचं नाही. ते दालन या कल्पनेचं आहे. आपल्याकडे दालन म्हणजे भाड्याने मिळणारी खोली. तारीख बघा, पैसे भरा, किल्ली घ्या. लग्नाचा हॉल ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर हे चालतं. हॉलवाला वधू-वर कोण, हे विचारत नाही. पण दालनाचं काम नेमकं तेच विचारण्याचं असतं. हे चित्र का दाखवायचं? आत्ता का? या शहराला का? जे दालन निवड करतं, ते आपलं नाव पणाला लावतं आणि मग त्याला लोकांना बोलावण्याची गरज वाटते, चित्राबद्दल चार ओळी लिहाव्याशा वाटतात. ज्याचं भाडं आगाऊ जमा झालंय, त्याला प्रेक्षक आला काय आणि न आला काय, सारखंच.

याचा परिणाम थेट भिंतीवर दिसतो. चित्रकाराने भाडं भरलं, फ्रेमा केल्या, निमंत्रणपत्रिका छापल्या, समोशाचेही पैसे दिले. एवढं झाल्यावर तो धोका कसा पत्करणार? तो विकलं जाईल ते टांगणार. धावणारे घोडे, वाराणसीचे घाट, मिटल्या डोळ्यांचा बुद्ध, कॅनव्हासवर वारली, सात प्रकारचे गणपती. मी त्याला हसत नाही. त्याच्या जागी असतो, तर मीही घोडेच काढले असते. पण ही नागपूरच्या प्रेक्षकाची अभिरुची आहे, असं कुणी सांगू नये. ही भाड्याच्या पावतीची अभिरुची आहे.

जिथे चित्राचं हे, तिथे सादरीकरणाचं काय विचारावं! दालनातला ‘परफॉर्मन्स’ म्हणजे उद्घाटनाआधीचं गणेशवंदनेचं नृत्य, नाहीतर व्यक्तिचित्राचं प्रात्यक्षिक. पाहुण्यांना खुर्चीवर बसवायचं आणि दीड तासात त्यांचा चेहरा हुबेहूब उतरवायचा. हातातलं कसब खरंच बघण्यासारखं असतं, टाळ्या मनापासून पडतात. पण चेहरा जुळला की विषय संपला. विचारायला काही उरत नाही. गोव्यात राहून काम करणारे निखिल चोप्रा २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नऊ दिवस मुक्काम ठोकून होते. वेश बदलत, मोठमोठ्या कापडांवर चित्रं काढत ते संग्रहालयभर फिरले. हा माणूस कोण, कुठला, याला इथे हक्क काय, हे प्रश्न बघणाऱ्याला पडत गेले. असलं काही आपल्या दालनात करायचं म्हटलं, तर पहिला प्रश्न येईल : ‘किती वाजेपर्यंत? आम्हाला कुलूप लावायचंय.’

जन्मदाखल्यावरचा अभिमान

अभिमानाचा विषय निघाला की, आपण दोन नावं घेतो. वासुदेव गायतोंडे १९२४मध्ये नागपुरात जन्मले. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. दोन्ही खरं आहे. गायतोंडे यांचा नागपूरशी संबंध जन्मदाखल्याच्या फार पुढे जात नाही. रझा इथे घडले, पण १९४३मध्ये मुंबईला गेले आणि १९५०मध्ये पॅरिसला. गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमने २०१४मध्ये भरवलं, रझांचं पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरने २०२३मध्ये. मराठीत गायतोंडे यांच्यावर जिद्दीने काम झालं, ते सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ने केलं आणि तेही मुंबईतून. आपण काय केलं? आपण अभिमान बाळगला.

बरं, गेलेल्यांचं राहू द्या. आजचं बघू. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातून, खाणीत राबलेल्या घरातून प्रभाकर पाचपुते आले. त्यांनी खैरागड आणि बडोद्यात शिल्पकला शिकून घेतली आणि कोळशानेच थेट भिंतीवर खाणकामगार, उकरलेली जमीन, ओसाड गावं काढायला सुरुवात केली. २०१४च्या साओ पावलो बिनालेत त्यांचं काम होतं. २०२१मध्ये वेल्समधलं ‘आर्टेस मुंडी’ पारितोषिक सहा कलावंतांत विभागून दिलं गेलं, त्यांतले एक ते. वेल्सही कोळशाचा मुलूख. तिथल्या माणसाला चंद्रपूरच्या खाणीत आपले आजोबा दिसले असतील, तर नवल नाही. पण ज्या शहरात कोराडीच्या चिमण्यांची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय जिथे आहे, त्या नागपूरइतका या चित्रांचा हक्काचा प्रेक्षक दुसरा कुठला? आणि आपल्या किती दालनांत भिंतीवर कोळशाने चित्र काढू देतील? इथे खिळा ठोकायचा नसतो, चित्र तारेला हुकनेच लटकवायचं असतं.

दुसरं नाव सवी सावरकर. जन्म नागपूरचा, ग्राफिकचं शिक्षण बडोद्यात, अध्यापन दिल्लीत. गळ्यात मडकं अडकवलेला माणूस, देवदासी, शेंडी-जानव्याचा पहारा हे त्यांच्या रेषेतून येतं तेव्हा बघणाऱ्याला चैन पडत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ या शहरात घडला. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं दीक्षाभूमीवर येतात आणि पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. जगात इतका वाचणारा, इतका जागा प्रेक्षक सहसा एका ठिकाणी जमत नाही. त्या आठवड्यात शहरातल्या दालनांत काय असायला हवं, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. पण आपल्याला बुद्ध चालतो तो दिवाणखान्यातल्या सोफ्याच्या वर, सोनेरी पार्श्वभूमीचा, कुणालाही काही न विचारणारा.

मारबत कळते ना?

आता मूळ आरोपाकडे येऊ. नागपूरकरांना कळत नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत या. काळी आणि पिवळी मारबत निघते. तिला सव्वाशे वर्षं कधीच उलटून गेली. कागद, बांबू आणि कापडाच्या त्या अजस्र आकृत्या रस्त्यातून हलत जातात आणि लोक आरोळ्या ठोकून रोगराई, साथी, दुष्टपणा घेऊन जा म्हणून सांगतात. सोबत बडगे असतात. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी ज्याने लोकांना छळलं त्याचा बडग्या. गळ्यात पाटी, पाटीवर खास नागपुरी बोल. शेवटी सगळ्यांची होळी. याला परदेशी कलामासिकात काय म्हणतील? तात्कालिक साहित्यातून केलेलं, ठिकाणाशी बांधलेलं, लोकसहभागातून घडणारं आणि शेवटी नष्ट होणारं राजकीय शिल्प. आपण त्याला मारबत म्हणतो आणि आठवी शिकलेल्या माणसालाही प्रतीक समजावून सांगावं लागत नाही. त्यात बटबटीतपणा असतो, कधी जमावाचा आंधळा रागही असतो. तरी लाखभर माणसं उभ्या उभ्या रूपक वाचतात, त्यावर भांडतात, हसतात, ही गोष्ट खोटी ठरत नाही.

थोडं पूर्वेला जा. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंज, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. माणसं तिकीट काढून, चादरी घेऊन, कडाक्याच्या थंडीत रात्रभर नाटक बघतात. अनुदानावर नव्हे, तिकिटावर हा व्यवहार उभा आहे. २०२३मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या पुष्कळांना झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा कळलं. तिकीट काढून रात्र जागवणारा माणूस विदर्भातला आणि ‘लोक येत नाहीत’ तेही विदर्भातच. मग फरक कुठे पडतो? झाडीपट्टीचं नाटक प्रेक्षकाच्या वेळेला सुरू होतं, त्याच्या भाषेत बोलतं आणि त्याला आवडलं नाही तर पुढच्या वर्षी त्या मंडळाला त्या गावचा प्रयोग मिळत नाही. दालनाला यांतलं काहीच लागू नाही.

‘खूप छान’चा रोग

हे शहर कवितेवर भांडू शकतं. ग्रेस नागपूरचे. ते दुर्बोध आहेत की नाहीत, यावर मराठीत काही दशकं वाद चालला. कॉलेजच्या कट्ट्यापासून साहित्य संघाच्या व्यासपीठापर्यंत लोक तावातावाने बोलले. ‘नागपूरकरांना ग्रेस कळत नाहीत, तेव्हा कवितेची दुकानं बंद करा,’ असं कुणी म्हटलं नाही. उलट न कळण्यातूनच वाचक वाढला. चित्राबद्दल लिहिण्याची परंपराही इथे होती. भाऊ समर्थ याच शहरात राहून चित्रं काढत होते आणि मराठी-हिंदीत कलेवर लिहीतही होते. ती वाट पुढे कुणी चालवली नाही.

आमच्या धंद्यात कोड लिहिला की, दुसरा माणूस तो ओळ न् ओळ तपासतो. नव्याने लागलेल्या पोराच्या वीस ओळींवर पंधरा शेरे येतात : हे का केलं, हे नाव दिशाभूल करतं, हे दुसऱ्याकडून उचललंय का. पहिल्या आठवड्यात पोर रडकुंडीला येतं, तिसऱ्या महिन्यात तेच दुसऱ्याला शेरे देतं. कुणी कुणाचा अपमान केला, असं वाटत नाही, कारण शेरा देण्यासाठी तो कोड वाचावा लागलेला असतो. आपला कोड कुणी वाचलाच नाही, हा खरा अपमान. नागपूरचा चित्रकार हा अपमान जन्मभर सोसतो. तीस वर्षं चित्रं काढतो आणि त्याच्याकडे जमा काय होतं? शाली आणि ‘खूप छान’. त्याच्या निळ्या रंगाचं काय चाललंय, दहा वर्षांपूर्वीच्या मालिकेपेक्षा आत्ताची कच्ची का वाटते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ‘टीका केली तर पोरं खचतील,’ असं म्हणणारे मायेने म्हणत असतील. पण पोरं टीकेने खचत नाहीत, मौनाने खचतात. मग कुणी ग्राफिक डिझाइनच्या नोकरीत जातो, कुणी शाळेत चित्रकलेच्या तासाला गणिताचे पेपर तपासत बसतो, कुणी पुण्या-बडोद्याची गाडी पकडतो.

अनुशेषाच्या आड

यावर विदर्भाचं ठेवणीतलं उत्तर येईल : अनुशेष. पैसा मुंबईत, जहांगीर मुंबईत, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा मुंबईत. १९५३च्या नागपूर कराराने आम्हाला काय मिळालं? प्रश्न रास्त आहे आणि मी तो सोडून द्या म्हणत नाही. पण दालन नऊपर्यंत उघडं ठेवायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. चित्राशेजारी पाच ओळींचा मराठी मजकूर लावायला वैधानिक विकास मंडळ लागत नाही. शिवाय पैसा निघत नाही, असंही नाही. मार्च २०२३मध्ये जी-२०च्या निमित्ताने सी-२०ची बैठक इथे झाली, तेव्हा रस्त्याकडेच्या भिंती बघता बघता रंगल्या. पाहुण्यांसाठी शहर नटवता येतं. त्याला सौंदर्यीकरण म्हणतात. शहराने स्वतःकडे बघावं, यासाठी जे करावं लागतं, ते वेगळं.

मुंबईकडे बोट दाखवण्याआधी जरा उत्तरेला बघा. ३१ ऑक्टोबर १९५६पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवसापासून ती भोपाळ झाली. त्या भोपाळने १९८२मध्ये भारत भवन उभं केलं. चार्ल्स कोरिया यांची इमारत तर आहेच, पण महत्त्वाचं वेगळं आहे. तिथल्या ‘रूपंकर’ संग्रहालयाची सूत्रं जगदीश स्वामीनाथन या चित्रकाराकडे होती. त्यांनी तरुणांना गावोगाव पाठवलं आणि तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या पाटनगढमधून जनगढ सिंह श्याम हा गोंड तरुण भोपाळला आला. त्याचं काम शहरी आधुनिक चित्रकारांच्या बरोबरीने मांडलं गेलं. रझाही मंडला जिल्ह्यातलेच, ते १९३९मध्ये शिकायला नागपूरला आले होते. मंडल्याची वाट चाळीसेक वर्षांत नागपूरहून भोपाळकडे वळली. भारत भवनाचंही पुढे राजकारणाने बरंच वाटोळं केलं, हे खरं. पण सरकारी पैशातून, आपल्यासारख्याच उन्हाळ्याच्या, आपल्यासारख्याच मध्यम शहरात हे घडलं होतं, ते एका माणसाने निवड करण्याची जबाबदारी घेतली म्हणून. आणि नागपूर तर गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेलं शहर!

करण्यासारखं

नवी इमारत मागायची नाही. तिचं भूमिपूजन होईल, पुन्हा श्रीफळ फुटेल आणि दहा वर्षांनी किल्ली देणारा एक कर्मचारी नेमला जाईल. आहे त्याच दालनांनी वर्षातली चार प्रदर्शनं स्वतः निवडावीत. त्यांना भाडं लावू नये, उलट कलावंताला मानधन द्यावं. ती तीन आठवडे चालावीत आणि शुक्रवार-शनिवारी रात्री नऊपर्यंत उघडी असावीत. भिंतीवर मराठीत आणि हिंदीत साधा मजकूर असावा, कारण नागपूर या दोन्ही भाषांत विचार करतं. पाहुण्यांचं भाषण रद्द करून मधल्या रविवारी चित्रकाराला लोकांसमोर बसवावं आणि लोकांनी त्याला वाट्टेल ते विचारावं. कोळशाने भिंत काळी झाली, तर नंतर चुना मारावा. चुना फार महाग नसतो. वर्तमानपत्रांनी पाहुण्यांच्या यादीची जागा आठवड्यातून एकदा तीनशे शब्दांच्या परीक्षणाला द्यावी, त्यात नावासकट बरं-वाईट लिहावं. आणि आपण, म्हणजे ‘लोकां’नी, अभिप्रायवहीत ‘खूप छान’ लिहिणं बंद करावं. कळलं नसेल, तर ‘कळलं नाही, कारण...’ असं लिहावं. तो ‘कारण’ चित्रकाराला शालीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

हे सगळं करून, वर्ष-दोन वर्षं मनापासून बोलावून, तरीही दालनं ओस पडली, तर नागपूरकरांना चित्र कळत नाही, हे मी मान्य करीन. तोवर ही तक्रार करण्याचा हक्क कुणाला नाही. निदान सात वाजता दिवे घालवणाऱ्यांना तर नाहीच.